मागच्या रांगेचं घुबड

"बंडल होता पिच्चर," चंद्रकला उभं राहून म्हणाली. "येक नंबर बंडल. मजाच नाई आली."

"तुले नसन आली," शेषरावनं बसल्या जागेवरून उत्तर दिलं. "आमचं त हासू हासू पोट दुखलं."

"शेषराव, बोलायचं असेल तर उभं राहून बोल," गावंडे सर म्हणाले.

शेषराव उभा राहिला, पण तोंड सरांकडे न करता चंद्रकलेच्या आवाजाकडे करून. तो सातवीत होता आणि ती दहावीत, शाळेत उशिरा आल्यामुळे वयानं विशीच्या घरातली. शाळेत तिच्याशी वाद घालायची हिंमत तेव्हा फक्त त्याच्यातच होती.

ही अकोल्याची गोष्ट. आमची शाळा, म्हणजे मी शिकवायचे ती, अंध मुलांची, निवासी, एकूण चोवीस मुलं-मुली. दर शनिवारी शेवटच्या तासाला सभा व्हायची. सर एक विषय देत, मुलं बाजूनं किंवा विरुद्ध बोलत, शेवटी हात वर करून मत देत, आणि सर हात मोजत. त्या शनिवारचा विषय होता, 'मंगळवारी पाहिलेला चित्रपट चांगला की निराशा करणारा'. गावातल्या टॉकीजच्या मालकानं आम्हाला फुकट खेळ दाखवला होता, त्याला आभाराचं पत्र पाठवायचं होतं, आणि त्यात मुलांचं मत घालावं अशी सरांची हौस. 'पाहिलेला' हा शब्द चुकून आलेला नाही. आमची मुलं सिनेमा पाहायचीच. 'ऐकला' म्हणणाऱ्या पाहुण्याला ती ताबडतोब दुरुस्त करत.

सिनेमा कार्टूनचा होता, हिंदीत केलेला, विनोदी. त्या वर्षी सगळीकडे गाजत होता. प्राण्यांचं एक गाव, त्या गावाची एक मोडकी बस, आणि तिचा ड्रायव्हर, ज्याला सगळे 'उस्ताद' म्हणायचे.

"चांगला म्हणणारे, हात वर," सर म्हणाले.

बारा हात वर गेले.

"निराशा झाली म्हणणारे?"

बारा हात.

सरांनी चष्मा काढून पुसला. "पिच्चर एक, टॉकीज एक, दिवसही एकच. मग बरोब्बर निम्मे निम्मे कसे काय?"

सरांना कळलं नाही, मला कळलं. खाई त्याला खवखवे. 'निराशा' म्हणून वर गेलेले बाराच्या बारा हात माझ्या रांगेचे होते.

सिनेमा पाहायची आमची एक पद्धत होती. मुलं दोन रांगांत बसत. प्रत्येक रांगेच्या मध्यभागी एक डोळस माणूस. पडद्यावर जे घडेल ते त्यानं उजव्या-डाव्या मुलाच्या कानात सांगायचं, त्यांनी ते पुढच्याला, त्यानं त्याच्या पुढच्याला. दोन-तीन सेकंदांत बातमी रांगेच्या टोकाला पोचायची. संवाद तर त्यांना ऐकू येतच. सांगायचं फक्त दिसणारं.

त्या मंगळवारी पुढच्या रांगेत मी होते आणि मागच्या रांगेत देवमन मामा. मामा शाळेचे शिपाई, सातवी नापास, आणि दुपारी चहाबरोबर तंबाखूही चघळू शकणारे मी पाहिलेले एकमेव गृहस्थ. आम्हा दोघांच्या रांगांमध्ये दुसऱ्या एका शाळेच्या चार रांगा होत्या. त्यामुळे मामा काय सांगताहेत ते मला ऐकू येत नव्हतं. मी बी.ए. बी.एड., वर अंध-शिक्षणाची पदविका, अमरावतीच्या मास्तरांच्या घरातली. माझी रांग भाग्यवान आहे, असं मला मनातून वाटत होतं.

पहिल्या पाच मिनिटांतच उस्ताद पडद्यावर आला. ते घुबड होतं. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काठी. काठीनं चाचपडत चाचपडत ते बसपर्यंत आलं आणि बसऐवजी शेजारच्या म्हशीच्या पाठीवर चढून बसलं. टॉकीज खदाखदा हसली. त्याला दिवसा दिसत नाही आणि ते कोणाला सांगत नाही, हा सगळ्या सिनेमाचा विनोद. कंडक्टर कोंबडीनं त्याच्या दोन्ही कानांना दोरा बांधला होता, वळण आलं की ती त्या बाजूचा दोरा ओढायची.

माझ्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. तीनशे डोळस मुलं एका आंधळ्याला हसत होती, आणि ते मी माझ्या बारा मुलांच्या कानात सांगायचं?

"ड्रायव्हर एक मोठा पक्षी आहे," मी म्हणाले. "बस चालवतोय."

"काहून हासले?" माझ्या उजवीकडे बसलेल्या चंद्रकलेनं विचारलं.

"असंच. पडला तो."

पुढचे दीड तास मी हेच केलं. बस खांबाला धडकली, बस तळ्यात गेली, बस सरपंचाच्या मांडवात शिरली. का, ते सांगितलं नाही. दर हशाला माझी रांग माना इकडेतिकडे करायची, काहूर उठल्यासारखी कुजबुजायची आणि गप्प व्हायची. मागून मात्र मामांच्या रांगेतून शेषरावचं ते फुटक्या भोंग्यासारखं हसू सारखं येत होतं. मला वाटलं, टॉकीज हसते म्हणून तीही हसताहेत, बिचारी. 'बिचारी' हा शब्द मी तेव्हा बराच वापरत असे.

आता सभेत शेषराव सांगत होता, "अन् शेवट त काय झकास हाये! धरन फुटते, गावातले दिवे जाते, सारा अंधार. कोनालेच काई दिसत नाई. मंग उस्ताद म्हनते, 'अब मेरी बारी', अन् सुसाट गाडी काढते बाहीर!"

"तेच त म्हनते मी," चंद्रकला म्हणाली. "पिच्चरभर धडकत रायला, अन् शेवटी येकाएकी हुशार कसा झाला? कारनच नाई. उगंच आपलं पिच्चर संपवाचं म्हनून."

"अवं, घुबड नाई का तो! घुबडाले रातीच दिसते."

"कोनतं घुबड?"

"ड्रायवर."

"ड्रायवर त पक्षी होता."

"घुबड का मंग बैल असते?"

मागची बारा मुलं हसली. पुढच्या बारांपैकी कोणीही हसलं नाही. ती एकमेकांच्या कानाशी लागली होती. रांगेची सवय. चंद्रकला उभीच होती. तिनं मान किंचित वळवली, जिथं मी बसले होते त्या बाजूला, आणि मग खाली बसली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मी त्या सभेत सगळा वेळ मनात घेऊन बसले होते. मुलांना घरून पत्रं यायची ती शाईची, म्हणजे आमच्यापैकी कोणीतरी वाचून दाखवायची. मुलींची पत्रं माझ्याकडे. वाचून झालं की पत्र ज्याचं त्याला द्यायचं, हा शाळेचा नियम. मुली ती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवायच्या.

तेरा दिवसांपूर्वी चंद्रकलेला तिच्या बाबांचं आंतरदेशीय पत्र आलं होतं. तिचे बाबा पातूरकडच्या एका खेड्यात पिठाची गिरणी चालवायचे. खुशाली, गिरणीचा तुटलेला पट्टा, अभ्यास कर, तुझे बाबा. त्याच्या खाली थोडी जागा सोडून आणखी मजकूर होता, आणि त्याची सुरुवात होती, 'वाचणाऱ्या बाईंस नमस्कार'. तिच्या धाकट्या बहिणीचं, शालूचं, लग्न ठरलं होतं आणि चंद्रकलेला त्या सुटीत शाळेतच ठेवून घ्यावं, तिला यातलं काही कळू देऊ नये, अशी मला विनंती होती. मी 'तुझे बाबा'पाशी थांबले.

"शालूच्या लग्नाचं काई लिवलं काय?" तिनं विचारलं होतं.

"नाही गं. अजून काही नाही."

"जमन म्हना. तिच्या लग्नाची हळद मी दळनार हाये. जातं वढाले माह्यासारखं कोनी नाई आमच्या घरी."

ती खूश होऊन गेली होती आणि मीही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मला तेव्हा वाटलं. तिचा दहावीचा अभ्यास, मार्चमधली परीक्षा, सगळ्याचा विचार करून आपण शहाणपणा केला, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

सभा संपली, जेवणाची घंटा झाली. व्हरांड्यात मामा ताटं मांडत होते. मी त्यांना गाठलं.

"मामा, तुम्ही मुलांना सांगितलंत? घुबडाला दिसत नाही म्हणून?"

"हाव. नाई त पिच्चर कसा समजन त्याइले?"

"त्यांना काही वाटलं नाही?"

मामांनी हातातलं ताट खाली ठेवलं. "वाटलं ना. शेषा म्हने, मामा, हा उस्ताद काठी उलटी धरून रायला, त्याले आपल्या शाळेत आना."

मी गाण्याच्या वर्गाच्या खोलीत जाऊन बसले. जेवायची इच्छा नव्हती. मला लाज वाटत होती, आणि लाजेबरोबर थोडा रागही येत होता, मामांचा, शेषरावचा, त्या टॉकीजवाल्याचा. दहा मिनिटांनी दारात चंद्रकलेची चाहूल लागली. ती चौकटीला हात लावून आत आली आणि तबल्यांच्या कपाटाशी उभी राहिली.

"बाई, तुमाले दिसलं नव्हतं काय? घुबड हाये म्हनून?"

तिनं मला पळायला वाट ठेवली होती. मध्ये खांब होता, चष्मा घरी राहिला होता, काहीही चाललं असतं.

"दिसलं होतं," मी म्हणाले.

"मंग?"

"सगळे त्याला हसत होते, चंद्रकला. दिसत नाही म्हणून हसत होते. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाईट वाटाचं का हासाचं, ते आमी पायलं असतं." ती जोरात बोलत नव्हती. "सारी टाकीज हासली, बाई. शेषाची रांग हासली. आमी बारा जन नुसते माना हालवून रायलो येड्यासारखे. घुबडाले दिवसा दिसत नाई हे आमच्या गावातलं शेंबडं पोरगंबी सांगते. तुमी पक्षी म्हनलं. म्या म्हनलं, असन एखांदं बदक."

मला नको तिथं हसू आलं. ती हसली नाही. तिनं झग्याच्या खिशातून निळं आंतरदेशीय काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

"हे वाचता काय पुन्हा?"

"वाचलं होतं ना मागं."

"बाबाचं नाव कुठी हाये ते दाखवा. बोट ठेवा माहं."

मी तिचं बोट धरून 'तुझे बाबा'वर ठेवलं. ते तिथं राहिलं नाही. हळूहळू कागदावरून खाली सरकत गेलं, थांबलं, पुन्हा सरकलं.

"बाबा पेन दाबून लिवते. मागून उमटते सारं. हे पाहा, नावाच्या खाली पाच ओळी हाये. म्या पयल्याच दिवशी मोजल्या. म्हनलं, पत्ता लिवला असन." तिनं बोट कागदावरून उचललं. "आज सभेत बसल्या बसल्या वाटलं, पत्ता पाच ओळीचा नसते."

तेरा दिवस. तेरा दिवस ती पाच ओळी जवळ बाळगून होती आणि माझ्यासाठी तिनं त्यांना पत्ता ठरवून टाकलं होतं. मला रडू आलं, ते मी आवाज न करता आवरलं. आमच्या शाळेत तेवढंच पुरत असे असं मला वाटायचं, तेही खरं नव्हतं.

"कायले रडता? वाचा ना."

"तुझ्या बाबांनी लिहिलंय, हे तुला वाचून दाखवू नये म्हणून."

"पत्र कोनाच्या नावानं हाये?"

"तुझ्या."

"मंग वाचा. जसं हाये तसं."

मी वाचलं. "वाचणाऱ्या बाईंस नमस्कार. शालूचे लग्न जमले आहे, तारीख २८ एप्रिल. मुलाकडच्यांना चंद्रकलेविषयी सांगितलेले नाही. एकच मुलगी आहे असे सांगितले आहे. तरी सुटीत तिला तिथेच ठेवून घ्यावे, व हे तिला वाचून दाखवू नये, तिला वाईट वाटेल."

बाहेर ताटांचा आवाज येत होता. शेषराव कोणाला तरी उस्ताद होऊन दाखवत असावा, कारण 'ब्रेक लाव, ब्रेक लाव' असा ओरडा चालला होता.

"ते मधातलं पुन्हा वाचा."

"एकच मुलगी आहे असे सांगितले आहे."

"कोनती, ते नाई लिवलं?"

मग तिनं हात पुढे केला, मी पत्र तिच्या हातात दिलं, तिनं ते होत्या त्याच घड्यांवर दुमडून खिशात ठेवलं आणि जेवायला गेली. संध्याकाळी तिच्या खोलीतल्या मुलींनी सांगितलं की ती जेवली नाही, ताटावर बसून उठून गेली.

रविवारी सकाळी पत्रं लिहून देण्याचा तास असे. मुलं सांगत, आम्ही लिहीत. चंद्रकला सगळ्यांच्या शेवटी आली.

"लिवा," ती म्हणाली. "मी सांगन तेच लिवा. सुधारू नका."

"नाही सुधारणार."

"बाबा, तुमचं पत्र बाईनं पुरं वाचून दाखवलं. खालच्या पाच ओळीसकट."

मी लिहिलं. त्या ओळीत मी माझ्याच हातानं मला पकडून देत होते, पण तो विचार पेन उचलेपर्यंतच टिकला.

"शालूचं लग्न जमलं, लय आनंद झाला. तुमी पाहुन्याइसंग खोटं बोलले."

मी थबकले.

"पेन थांबला, बाई."

"लिहिते."

"खोटं बोलले, ते मले आवडलं नाई. सुटीत मी इथी रायनार नाई. घरी येईन. हळद मीच दळीन. पाहुन्याइले आताच सांगून टाका का थोरली पोरगी हाये, अन् तिले दिसत नाई. आदी नाई सांगतलं त शेवट समजत नाई."

"हे शेवटचं बाबांना कळणार नाही गं."

"त्याइले नाई कळन. तुमाले कळलं ना? लिवा."

मी लिहिलं. खाली तिनं अंगठा उमटवला नाही, नाव लिहिलं. चार वर्षांपूर्वी मीच तिला शाईनं नाव लिहायला शिकवलं होतं, वाकडंतिकडं, चार अक्षरं एकमेकांवर चढलेली. पत्र चिकटवून टपालपेटीत टाकायलाही ती मामांबरोबर स्वतः गेली. माझ्यावर सोडलं नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटलं नाही.

त्याच दुपारी मी मामांना माझ्या रांगेपुढे बसवलं आणि सगळा सिनेमा पुन्हा सांगायला लावला. मामांनी दोन तास घेतले, म्हणजे मूळ सिनेमापेक्षा अर्धा तास जास्त. म्हैस, दोरा, कोंबडी, काही सोडलं नाही, उलट दोन-चार धडका आपल्या पदरच्या घातल्या. मुलं लोळून लोळून हसली. मीही हसले. तळ्यात बस गेल्यावर उस्ताद वायपर चालू करतो हे मी प्रत्यक्ष पडद्यावर पाहिलं होतं, पण तेव्हा मला ते मजेचं वाटलं नव्हतं.

सरांनी पुढच्या शनिवारी पुन्हा हात मोजले. तेवीस विरुद्ध एक.

"चंद्रकला, आता काय राहिलं?" सर वैतागले. "आता तर सगळं कळलं ना?"

"कळलं म्हनूनच सांगते, सर. बंडलच हाये. उस्तादनं पयल्याच स्टापवर सांगाले पाह्यजे होतं, बाप्पाहो, मले दिवसा दिसत नाई."

"मंग पिच्चरच बनला नसता!" शेषराव ओरडला.

"नसता बनला त नसता."

टॉकीजच्या मालकाला सरांनी कळवलं, 'चित्रपट बहुसंख्य मुलांना अत्यंत आवडला.' सरांचीही वगळायची आपली पद्धत होतीच.

त्यानंतर पत्र नाही. एक आठवडा, दोन आठवडे. चंद्रकला विचारत नव्हती. पोस्टमनची सायकल फाटकात लागली की ती जिथं असेल तिथं बोलायची थांबायची, आणि नावं वाचून झाली की पुन्हा बोलायला लागायची. मला झोप नीट लागेना. लग्न मोडलं असेल, शालू रडत असेल, बापानं हिचं नावच टाकलं असेल. या सगळ्याला सुरुवात माझ्यापासून झाली होती, की माझ्यामुळे ते उघडं पडलं होतं, हेही मला नीट ठरवता येत नव्हतं. मी एकदा तिला म्हणालेसुद्धा, "थोडं सौम्य लिहायला हवं होतं का आपण?"

"आपन नाई, बाई. मी लिवलं," ती म्हणाली.

फेब्रुवारीच्या शेवटी आंतरदेशीय आलं. पाच ओळींचं नव्हतं, तिन्ही घड्या भरलेल्या. ती माझ्यासमोर बाकावर बसली, हात मांडीवर. मी फोडलं आणि आधी स्वतःशी न वाचता सरळ मोठ्यानं वाचायला लागले. ती सवय मी त्या पंधरवड्यात लावून घेतली होती.

"चि. चंद्रकला हिस आशीर्वाद. तुझे पत्र शालूने वाचून दाखवले, तुझी आई दोन दिवस जेवली नाही. मी मुलाकडे जाऊन आलो. खरे ते सांगितले. मुलाचे वडील काही बोलले नाहीत, चहासुद्धा दिला नाही. आठ दिवसांनी निरोप आला की लग्न ठरल्याप्रमाणे करू, पण पुढे काही लपवू नका. शालू म्हणते, ताई नसेल तर मी हळद लावून घेणार नाही. तुझी परीक्षा झाली की मी घ्यायला येतो. जाते गुळगुळीत झाले आहे, त्याला टाकी लावून ठेवतो. तुझे बाबा."

चंद्रकलेनं श्वास सोडला. तिचे हात मांडीवरच्या मांडीवर गोल फिरत होते, जातं ओढल्यासारखे. तिला ते कळलं नसावं.

खाली आणखी मजकूर होता. 'वाचणाऱ्या बाईंस.'

तिनं 'संपलं काय' असं विचारलं नाही.

मी वाचलं. "वाचणाऱ्या बाईंस. तुम्हाला मोठ्या विश्वासाने लिहिले होते. तुम्ही मला लेकीपुढे मान खाली घालायला लावली. तुम्हाला मूलबाळ नसावे, म्हणून बापाचे मन तुम्हाला समजले नाही. असे पुन्हा कोणाशी करू नये."

माझ्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. हे वाक्य मला घरीदारी वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येत होतं, पण ते स्वतःच्या आवाजात मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मधल्या ओळीवर आवाज फाटला. पण शब्द एकही गाळला नाही.

"वाईट वाटलं काय, बाई?"

"वाटलं."

"हं," ती म्हणाली.

मग तिनं बाकावरून पुढे वाकून हात लांब केला. मी पत्र समोर धरलं. तिचं बोट 'पुन्हा कोणाशी करू नये'पाशी आलं, तिथून खाली कोऱ्या जागेवर उतरलं, डावीकडून उजवीकडे एकदा फिरलं, घडीच्या पलीकडची बाजूही तिनं चाचपून पाहिली. कुठं काही दाबलेलं नव्हतं.

"हाव," ती म्हणाली. "संपलं."